बोलपटातील मानिनी आणि तिची भाकर

मराठी बोलपटांचा इतिहास सांगावयास कोणी बसले म्हणजे आरंभ बहुधा दिग्दर्शकापासून होतो. मग स्टुडिओ, मग संगीत, मग यंत्रसामग्री, आणि सर्वांत शेवटी नट आणि नटी. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. कोणत्याही कारखान्यात पाऊल ठेवले की आमची नजर आधी यंत्रावर जात नाही, यंत्राशी उभ्या असलेल्या माणसावर जाते; आणि ते माणूस बाई असेल तर तिचा हजेरीपट वेगळा आहे का, हे आम्ही पाहतो. ही सवय आता सुटणे नाही. म्हणून मोर्शीच्या श्रोत्यांपुढे जुन्या बोलपटांविषयी बोलताना आम्ही हा इतिहास दुसऱ्या टोकाने वाचणार आहोत.

विषय आहे तो बायांना आवडलेल्या आणि बाईला कणा असलेल्या बोलपटांचा. अशा प्रत्येक बोलपटास आम्ही दोनच प्रश्न विचारतो. पडद्यावरची ही मानिनी कोणाची भाकर खाते? आणि जी बाई ही भूमिका करीत होती, तिची स्वतःची भाकर कोणाच्या हाती होती? हे दोन प्रश्न शेजारी ठेवले म्हणजे जे चित्र दिसते, ते नुसत्या आठवणींच्या पुस्तकांत सापडत नाही.

आरंभीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकला, तेव्हा त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. फाळक्यांनी पुष्कळ शोध केला, पण चित्रपटात उभी राहावयास बाई मिळेना. वेश्यावस्तीतूनही नकारच आला. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. मात्र १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. घरंदाज बाईने तोंडास रंग लावणे म्हणजे अब्रू गमावणे, असा तो काळ. त्या काळी कॅमेऱ्यापुढे येणारी बाई हौसेने येत नसे. पोट तिला तेथे आणीत असे. हा धागा आम्ही शेवटपर्यंत सोडणार नाही.

पुढची पायरी १९३२ ची. ‘प्रभात’ कंपनी तेव्हा कोल्हापुरास होती. तिचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला आणि त्यात तारामती म्हणून दुर्गाबाई खोटे आल्या. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका करावयास बाई मिळत नव्हती, तीच भूमिका आता मुंबईच्या सुखवस्तू घराण्यातील, इंग्रजी शाळेत आणि महाविद्यालयात शिकलेली बाई करीत होती. लोकांस आश्चर्य वाटले ते घराण्याचे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते कारण. सासरची श्रीमंती ओसरली होती, दोन लहान मुले होती, आणि कमाई करणे भाग होते. पडद्यावर काय घडते? राज्य गेलेली राणी बाजारात विकली जाते आणि दुसऱ्याच्या घरी दासी होऊन राबते. ही कथा पुराणातली खरी, पण घरची लक्ष्मी एका रात्रीत मोलकरीण होते, हे त्या वेळच्या स्त्रीप्रेक्षकांस केवळ पुराण वाटले असेल असे आम्हांस वाटत नाही. ती भूमिका करणाऱ्या बाईस तर खासच वाटले नसेल.

दुर्गाबाईंनी आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या दृष्टीने ती त्यांच्या अभिनयाइतकीच मोलाची आहे. त्या काळी नट-नट्या कंपनीत मासिक पगारावर बांधलेल्या असत. जीनमधला फिटर आणि स्टुडिओतली नायिका यांच्या नोकरीत जात एकच. फरक पगाराच्या आकड्याचा. दुर्गाबाई एका कंपनीस जन्मभर बांधून राहिल्या नाहीत. कोल्हापूरच्या ‘प्रभात’मध्ये त्यांनी काम केले, तसे कलकत्त्याच्या कंपन्यांतही केले. आपले काम आपण नेमून घ्यावयाचे आणि दर आपण ठरवावयाचा, ही वाट त्यांनी फार लवकर धरली.

१९३६ साली त्याच दुर्गाबाई ‘प्रभात’च्या ‘अमर ज्योती’ ह्या हिंदी बोलपटात सौदामिनी झाल्या. पोटच्या मुलावर आईचा हक्क राज्याचा कायदा मानत नाही. तेव्हा ही बाई समुद्रावर जाते, चाच्यांची नायिका होते आणि पुरुषांच्या सत्तेविरुद्ध युद्ध पुकारते. येथे आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठे मौजेचे आहे. ही बाई कोणाचीच भाकर खात नाही. ती लुटून खाते! ह्याचा अर्थ असा की १९३६ सालच्या कथाकारास स्वतंत्र बाई दाखवावयाची झाली तर तिला समाजाबाहेर, जमिनीबाहेर, थेट दर्यावर न्यावे लागले. गावात, घरात, नोकरीत तिला उभे करावयास जागाच सापडेना.

ती जागा पुढच्याच वर्षी शोधली गेली. १९३७ चा ‘कुंकू’ हा आमच्या मते मराठी बोलपटातील सर्वांत धीट खेळ होय. ‘प्रभात’ आता पुण्यास आली होती. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून घेतलेली. नीरा ही पोरकी मुलगी. तिला फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. नीरेचे काम शांता आपटे यांनी केले आणि काकासाहेबांचे केशवराव दाते यांनी. ही नीरा रडत बसत नाही, विहीर जवळ करीत नाही, आणि मुकाट्याने संसारही करीत नाही. हे लग्न मला मान्य नाही, एवढेच ती सांगते आणि त्यावर ठाम राहते. अंगचटीस येणाऱ्या सावत्र मुलास ती छडीने फोडून काढते. बोलपटास पार्श्वसंगीत नाही; घरातले खरे आवाज तेवढे कानी पडतात. कलप लावणारे काकासाहेब आणि त्यांचे ते जुने, धक्के देऊन चालवावे लागणारे घड्याळ ज्यांनी पाहिले, त्यांच्या ते विस्मरणात जाणार नाही.

जरठकुमारी विवाहाचा विषय नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालीच रंगभूमीवर आले होते. परंतु शारदेची सुटका दुसरे लोक करतात. नीरा नकार देते तो स्वतःच्या तोंडाने. आणि असा नकार प्रत्यक्षात देणारी बाई पडद्याच्या पन्नास वर्षे आधी मुंबईत होऊन गेली होती. रखमाबाईंचे लग्न बालपणी झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, परंतु १८८७ साली कोर्टाने हुकूम केला की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. पुढे १८८८ साली तडजोड झाली. त्या विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि गुजरातेत त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. त्यांचा नकार टिकला तो कशाच्या बळावर? मन खंबीर होते हे खरेच. पण पाठीशी माहेर होते आणि पुढे हाती स्वतःचा धंदा आला.

नीरेपाशी ह्यांतले काय होते? काहीच नव्हते. १९२९ चा शारदा कायदा होता, पण मुलीचे वय १४ पूर्ण झाले की वर साठीचा असला तरी त्या कायद्याची हरकत नव्हती. घटस्फोटाचा देशभर लागू असा हिंदू कायदा आला तो १९५५ साली. म्हणून बोलपटाचा शेवट पाहा: काकासाहेबांस पश्चात्ताप होतो, नीरेने दुसरे लग्न करावे असे सुचवून ते प्राण देतात, आणि तिची वाट मोकळी होते. नीरेच्या नकाराने तिला सोडविले नाही. तिला सोडविले ते वकिलांच्या मरणाने. हा दिग्दर्शकाचा भित्रेपणा नव्हे. त्या दिवशीच्या समाजात तिला दुसरे दारच नव्हते, याची ती कबुली आहे.

हा ‘कुंकू’ आम्ही काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील बायांस दाखविला होता. जीनमध्ये कापसावर काम करणाऱ्या, संत्र्याच्या हंगामात प्रतवारी करणाऱ्या, एरवी निंदण-वेचणीस जाणाऱ्या अशा ह्या बाया. भिंतीला पांढरी चादर लावली होती. सावत्र पोरास छडी बसली तेव्हा मागून टाळ्या आल्या. खेळ संपल्यावर एक वयस्क बाई म्हणाली, “भाऊ, एवढी शिकेल, एवढी ठसक्याची, पन हाताले काम नाही. आमच्यावानी रोज असता तं हे त्या घरी एक दिस राह्यली नसती.” तिच्या शेजारची लगेच म्हणाली, “रोज असून तरी कोनं घर सोडलं वो? पैसे तं नवराच घेते.”

बोलपटांवरील टीका आम्ही पुष्कळ वाचली आहे. पण ह्या दोन वाक्यांत जे आहे ते एका जागी वाचलेले आठवत नाही. पहिलीच्या बोलण्यात इतिहासही आहे. कष्टकरी जातींत काडीमोड आणि पाट ह्या रूढी जुन्याच. नीरेचे दुःख खरे, पण ते पांढरपेशा घराचे दुःख होते. त्या घरातील बाईस बाहेर कामही नव्हते आणि बाहेर पडण्याची रूढीही नव्हती. आणि दुसरीच्या बोलण्यात पुढचा सगळा प्रश्न आहे. रोज मिळविणे ही अर्धी लढाई झाली. मिळविलेल्या रोजावर हक्क सांगणे ही उरलेली अर्धी.

आता पडद्यामागे जाऊ. नीरेचे काम करणाऱ्या शांता आपटे ‘प्रभात’मध्ये करारावर होत्या. १९३९ साली त्या कराराच्या अटींवरून त्यांचा कंपनीशी वाद झाला. त्यांनी काय केले? पुण्यास स्टुडिओच्या फाटकाशी त्या उपोषणास बसल्या! देशभर ज्यांची गाणी लोक गुणगुणत होते, अशी नायिका आपल्याच कारखान्याच्या दाराशी बसलेली पाहून वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले. कित्येकांनी तो नटीचा नखरा ठरविला. आम्ही त्यास वेगळे नाव देतो. फाटक, करारपत्र आणि उपाशी बसलेला कामगार, हे तिन्ही जेथे एकत्र आले त्याला आमच्या भाषेत लढा म्हणतात. तो एकटीने दिला म्हणून त्याचे नाव बदलत नाही. पुढे शांताबाईंनी ‘प्रभात’ सोडली आणि १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून ह्या धंद्यातील मालक आणि कलावंत यांच्या संबंधांची उलटतपासणी केली. पडद्यावर नकार देणाऱ्या बाईने तो नकार फाटकाबाहेरही आणला.

हे केवळ आपल्याकडचे होते असेही नाही. अमेरिकेत बेटी डेव्हिस ही नामांकित नटी १९३६ साली आपल्या कंपनीचा करार झुगारून इंग्लंडास गेली. कंपनीने तेथील कोर्टात तिच्यावर दावा लावला आणि ती हरली. त्याच कंपनीतील ऑलिव्हिया डी हॅविलंड हिने पुढे कॅलिफोर्नियाच्या कोर्टात तोच प्रश्न नेला. कंपनी असे करी की नटीने एखादी भूमिका नाकारली की तिला बिनपगारी बसवावयाचे आणि ते दिवस कराराच्या मुदतीत वाढवावयाचे. म्हणजे करार कधी संपणेच नाही. १९४४ साली वरिष्ठ कोर्टाने सांगितले की सात वर्षे म्हणजे सात वर्षे. त्यापुढे कोणास बांधून ठेवता येणार नाही. सालदाराचे साल कसे लांबविले जाते हे ज्यांनी वऱ्हाडात पाहिले, त्यांस हा निकाल समजावून सांगण्याची गरज नाही.

‘कुंकू’नंतर दोन वर्षांनी ‘माणूस’ आला, १९३९ सालीच. त्यातील मैना ही शांता हुबळीकर यांनी उभी केली. मैना वेश्यावस्तीत राहणारी, आणि गणपत हा साधा पोलीस शिपाई. गणपत तिला त्या वस्तीतून काढून घरसंसारात आणू पाहतो. रूढ कथेप्रमाणे येथे तिचा उद्धार व्हावयाचा. पण उद्धाराच्या उंबरठ्यावरून मैना परत फिरते. पुढे तिला छळणाऱ्या नातलगाचा तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगात जाते. निराश झालेल्या गणपतास मात्र ती जगण्याचाच उपदेश करते. पडद्यावरची ही बाई स्वतःची भाकर स्वतः मिळविते. पण त्या भाकरीस समाजाने विष लावून ठेवले आहे. कमाई असूनही इज्जत नाही, असा तिचा पेच आहे. तंबूतल्या सिनेमात आणि यात्रांच्या गर्दीत पोट भरणाऱ्या कितीतरी बायांचाही पेच हाच होता.

आणि ह्या पेचाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे हंसा वाडकर. ‘विजयाची लग्ने’ हा त्यांचा पहिला बोलपट १९३६ चा. तेव्हा त्या वयाने केवळ पोर होत्या आणि घर चालावे म्हणून कामास लागल्या होत्या. १९४१ साली त्या ‘संत सखू’ झाल्या, १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’त आल्या, आणि १९५९ साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने तर कहर केला. तमाशातील बाईची ही कथा पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालली. १९७० साली त्यांनी आपले आत्मचरित्र ह्याच नावाने प्रसिद्ध केले, आणि प्रेक्षकांस धक्का बसला. पडद्यावर मालकीण असलेली ही बाई आपल्या पैशाची मालकीण कधी झालीच नव्हती. घर तिच्यावर चाले, पण घरात तिचे चालत नसे. आमच्या जीनमधली ती दुसरी बाई जे म्हणाली, तेच येथे एका नामांकित नटीच्या तोंडून आले. त्या आत्मचरित्राच्या आधाराने श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात स्मिता पाटील होत्या.

येथे कोणी विचारील की बायांना तर रडविणारे चित्रपट अधिक आवडतात, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. १९५३ च्या ‘श्यामची आई’स पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि वनमालाबाईंची ती आई पाहताना डोळे कोरडे राहिले नाहीत. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा खेड्याखेड्यांतून बाया गाड्या जुंपून चित्रगृहाकडे निघाल्या, हे तर आमच्या पाहण्यातले आहे. शिकलेली माणसे त्या रडण्यास हसली. आम्ही हसत नाही. घरात ज्या दुःखाची कोणी दाद घेत नाही, त्याची चारशे बाया एकत्र बसून साक्ष देतात, ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण साक्ष देणे वेगळे आणि फिर्याद करणे वेगळे. ‘माहेरची साडी’ची सून सोसते आणि नीरा फिर्याद करते. बायांना दोन्ही कळतात. दुसऱ्या प्रकारचे चित्रपट त्यांच्यापर्यंत कमी पोचले, एवढाच फरक आहे.

शेवटचे उदाहरण १९८२ चे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ ह्या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी ‘उंबरठा’ काढला. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरची सून, एका महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरी पत्करते. भूमिका स्मिता पाटील यांची. ‘कुंकू’त नवरा वकील, येथेही नवरा वकील, मध्ये पंचेचाळीस वर्षे गेलेली. आता कायदा बाईच्या बाजूस आला आहे, शिक्षण आहे, पगार आहे. आश्रमातील भ्रष्टाचाराशी झगडून ती घरी परतते, तेव्हा घर तिच्यावाचून चालावयास शिकलेले असते आणि नवऱ्याने दुसरीकडे सोय केलेली असते. कोणी मरत नाही, कोणाला पश्चात्तापही होत नाही. सुलभा आपली पिशवी उचलते आणि गाडीत बसते. ‘अमर ज्योती’च्या बाईस घर सोडून समुद्रावर जावे लागले होते, सुलभेस तिकीट काढून रेल्वेने जाता आले. पन्नास वर्षांची प्रगती ती एवढीच, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, ती लहान नव्हे. तिकिटाचे पैसे तिचे स्वतःचे होते.

आणि पडद्यामागे? १९८१ साली सिनेकामगारांसाठी संसदेने कायदा केला आणि लेखी करारावाचून त्यांस कामास लावण्यास मनाई झाली. शांता आपटे १९६४ सालीच वारल्या होत्या. फाटकाशी एकटीने मांडलेला प्रश्न कायद्याच्या पुस्तकात यावयास बेचाळीस वर्षे लागली. जेथे ते फाटक होते, त्या ‘प्रभात’च्या आवारात १९६० पासून सरकारी चित्रपटशिक्षण संस्था आहे. तेथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलीस कॅमेऱ्याआधी त्या उपोषणाची गोष्ट सांगावी, असे आम्हांस वाटते.

तात्पर्य इतकेच. बाईचा नकार पडद्यावर दाखविणे हे मोठे काम होते आणि ते मराठी बोलपटाने फार लवकर केले. पण नकारास भाकरीचा आधार लागतो, आणि भाकरीस हक्काचा. पहिली गोष्ट कथाकारांनी सांगितली. दुसरी नट्यांनी आपले आयुष्य खर्चून शिकविली. चित्रपटांच्या वितरणात ‘सी. पी. बेरार’ ह्या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या मुलखात हे खेळ पुन्हा दाखविता येतील. मोर्शीसारख्या गावी एक भिंत आणि एक चादर पुरते. मात्र खेळ संपल्यावर दिवा लावावा, पुरुषांनी थोडा वेळ गप्प बसावे, आणि बाया काय म्हणतात ते लिहून घ्यावे. आमच्या वहीत दोन वाक्ये आहेत. ती वही भरलेली पाहण्याची आमची इच्छा आहे.